विसरलेलं नाही, ठेवलेलं आहे

घर बदलायचं ठरलं तेव्हा नव्या जागेत पुस्तकांची दोन कपाटं मावणार नाहीत, हे उघड होतं. रद्दीत घालायला जीव होईना. वाचनालयात विचारलं तर ‘जागा नाही’. मग ‘बुकक्रॉसिंग’ आठवलं. अमेरिकेत रॉन हॉर्नबेकर यांनी २००१ मध्ये सुरू केलेला हा प्रकार. पुस्तकाला संकेतस्थळावरून नंबर घ्यायचा, तो आत चिकटवायचा आणि पुस्तक बाकावर, गाडीत, कुठंही सोडून द्यायचं. सापडेल त्यानं नंबर टाकून कळवायचं. म्हटलं, परभणीत करून बघू.

आपल्याकडं सार्वजनिक जागी पुस्तक ठेवणं सोपं आहे, पण ते तिथं राहू देणं महाकठीण. बसस्थानकाच्या बाकावर ठेवून चार पावलं गेले नाही तोच मागून हाक, “ओ मॅडम, पुस्तक ऱ्हायलं की तुमचं!” परत घ्यावंच लागलं. एसटीच्या सीटवर ठेवलेलं कंडक्टरनं प्रामाणिकपणे डेपोत जमा केलं. ते आत नाव बघून एका ओळखीच्यांच्या हाती माझ्याच घरी आलं. रेल्वे स्टेशनवर तर बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, ही घोषणा सारखी चालू. पावसाची भीती म्हणून मी पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचे आणि त्यामुळं ते जास्तच संशयास्पद दिसायचं.

म्हणजे खरं काम लेबलचं होतं. नुसतं ‘मोफत’ लिहिलं की लोकांना वाटतं, कुठल्या तरी पंथाचा प्रचार असणार. ते वरवर चाळतात आणि ठेवून देतात. आतल्या पानावरचा नंबर कुणी बघत नाही, आणि इंग्रजी संकेतस्थळावर जाऊन नोंद कोण करणार? शेवटी संकेतस्थळ सोडलं आणि मुखपृष्ठावरच जाड अक्षरांत चिठ्ठी लावायला लागले : ‘हे पुस्तक विसरलेलं नाही, ठेवलेलं आहे. घरी न्या. वाचून झालं की तुम्हीही असंच कुठंतरी ठेवा.’ खाली फक्त निरोपासाठी एक जादा सिमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर. स्वतःचं नाव घालू नका. आधीचं आत असेल तर खोडा, नाही तर पुस्तक घरपोच येतं.

जागेचंही गणित आहे. बागेत कुणी उचलत नाही, तिथं लोक मोबाइल घेऊन बसलेले असतात. जिथं माणूस नाइलाजानं थांबतो तिथं पुस्तक चालतं : दवाखाना, सेतू केंद्राची रांग, कटिंगचं दुकान. आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या दादांना मी आधी विचारलं. ते म्हणाले, “ठेवा की ताई. पेपरचं एक पान चौघं ओढायलेत, तेवढंच भांडण मिटंल.” त्यांनी पुस्तक आरशाखालच्या फळीवर पावडरच्या डब्याला टेकवून उभं केलं. पुढच्या वेळी गेले तर पानांत केस अडकलेले आणि खूण म्हणून ब्लेडचं कागदी पाकीट. वाचतंय कुणीतरी!

उन्हाळ्यात मात्र उघड्यावर काही ठेवू नये. परभणीचं ऊन चाळिशीपार गेलं की नुसत्या गोंदाची बांधणी सैल होते आणि पानं सुटी होतात. शिवलेली जुनी पुस्तकं तेवढी टिकतात.

काय जातं? दिवाळी अंक सगळ्यात भराभर, कितीही जुना असो. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं अभ्यासिकेच्या दारात ठेवली की मिनिटांत गायब होतात, पण आवृत्तीचं वर्ष वर मोठं लिहावं. जुनी आकडेवारी पाठ करून कुणा लेकराचं नुकसान नको. वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक मी सोडत नाही, ते आधी वाचनालयात पोचवते.

आणि एक नाजूक प्रकार : ‘सप्रेम भेट’ असं लिहून सहीसकट मिळालेले कवितासंग्रह. आमच्याकडं कवींची वाण नाही आणि सगळे त्याच दोन-तीन हॉटेलांत चहाला बसतात. कवीलाच आपली भेट टेबलावर सापडली तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही. ते पान फाडणं मला पटत नाही. म्हणून असे संग्रह मी धर्माबादहून मनमाडला जाणाऱ्या मराठवाडा एक्स्प्रेसनं रवाना करते. सकाळच्या या गाडीला औरंगाबाद खंडपीठात तारखेला निघालेली बरीच मंडळी असतात आणि त्यांच्याकडं वेळही भरपूर असतो. जालन्यापलीकडं आमच्या कवींना ओळखणारं कुणी भेटण्याची शक्यता कमी. (मी कधी कविता लिहिल्याच, तर त्याही याच गाडीनं जाव्यात.)

निरोप फार येत नाहीत. बहुतेक पुस्तकं जातात ती जातातच, आणि त्याचं मला काही वाटत नाही. कपाट रिकामं होतंय, हेच तर हवं होतं. एकदा मात्र रात्री उशिरा मेसेज आला. एका जाडजूड कादंबरीचा पहिला भाग गाडीत सापडलेल्या गृहस्थांचा : ‘दुसरा भाग कोणत्या डब्यात ठेवला आहे?’

दुसरा भाग माझ्याकडं कधीच नव्हता, तसं कळवलं. त्यावर त्यांनी कथानकात पुढं काय होतं ते विचारलं. आठवलं तेवढं मी टाइप करत बसले. आता सुट्या भागांच्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ असते : ‘पुढचा भाग नाही. विचार करून उचला.’