आमची वाटचाल : पंख्याला इन्व्हर्टर होता, पंपाला नव्हता

नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या गच्चीत १२ बाय ३० फुटांचं ग्रीनहाउस उभं राहिलं ते २०१६ च्या दिवाळीत. जीआय पाइपचा सांगाडा, वर २०० मायक्रॉनचा प्लास्टिक पेपर, आत ५० टक्क्यांची शेडनेट आणि एनएफटीची चॅनेल, म्हणजे मातीशिवाय, मुळांखालून खताचं पाणी वाहतं ठेवून लेट्यूस वाढवायच्या पन्हाळ्या. उतार मी मोबाइलच्या ॲपवर मोजत होतो. आमच्या प्लंबरमामांनी ते पाहिलं, काही बोलले नाहीत, पिशवीतून पाणी भरलेली लेव्हलची नळी काढली. ४० इंचाला १ इंच. आजही एकाही चॅनेलमध्ये पाणी साचत नाही. लेट्यूसबद्दल मात्र त्यांचं मत होतं, "हा पाला खाणार कोण?"

मामांचा प्रश्न रास्तच होता. पहिलं वर्ष आम्हीच खाल्ला.

मग एका मोठ्या हॉटेलच्या किचनने आठवड्याला १२ किलो घ्यायला सुरुवात केली आणि वाटलं, जमलं. त्याच सुमारास एक मुलगा "शिकायचंय काका" म्हणून आला. चार महिने राहिला, घरचं जेवला. ए आणि बी या खताच्या दोन द्रावणांच्या टाक्यांचं माप, ईसीचा (पाण्यात खत किती, ते सांगणाऱ्या आकड्यांचा) तक्ता, पिशव्या कुठून येतात, सगळं दाखवलं. तक्त्याचा फोटो त्याने माझ्यासमोर काढला. मीच म्हणालो, नीट काढ, हात हलतोय.

२८ एप्रिल २०१९, रविवार. दुसऱ्या दिवशी नाशिकचं मतदान. आम्ही सगळे सिन्नरला लग्नाला. पारा चाळिशीपार. साडेअकराला आमच्या भागातली डीपी गेली. घरात इन्व्हर्टर होता, त्यावर दोन पंखे आणि टीव्ही. पंपाचं कनेक्शन थेट लाइटवर.

एनएफटी करणाऱ्याला पुढचं सांगायला नको. मातीतलं रोप दोन दिवस कळ काढतं. इथे मुळाखालून वाहणारा पाण्याचा पातळ थर हाच काय तो आधार, तो थांबला की मुळं उघड्यावर. साडेचारला गच्चीचं दार उघडलं तेव्हा ६४० रोपं चॅनेलवर आडवी, डिकीत दिवसभर विसरलेल्या मेथीच्या जुडीसारखी.

लाइट आली, पंप सुरू झाला, रात्रीपर्यंत निम्म्याहून जास्त रोपं उठली. बायकोने देवाला साखर ठेवली. पण खरा दणका चौथ्या दिवशी. उन्हात तापलेल्या टाकीतलं पाणी ३४ अंशांवर होतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि सुकून अर्धमेली झालेली मुळं पिथियमला, म्हणजे मुळं कुजवणाऱ्या रोगाला, आयतीच सापडतात. एक नेटपॉट (रोपाची जाळीदार कुंडी) उचलून मूळ चिमटीत धरलं. वरचं तपकिरी साल मोज्यासारखं निघून हातात आलं, आत नुसता दोरा. सगळी रोपं उपटली. चॅनेल ब्लीचिंगने धुतली. खाली सावलीत कोकोपीटच्या ट्रेमध्ये वाढणारी रोपं तेवढी वाचली.

पाच शुक्रवार हॉटेलला माल गेला नाही. पहिल्या शुक्रवारी मी फोन केला, दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी उचलला नाही. तिसऱ्या शुक्रवारी कळलं, माल जातोय. आमच्या शिष्याचा, आमच्याच छापाच्या पिशवीतून, किलोमागे ४० रुपये कमी भावाने. धंद्यात हे चालतं, मान्य. पण गाडीवर त्याने "नाशिकमधील पहिले हायड्रोपोनिक फार्म" असं लिहिलं, ते अजून घशाखाली उतरत नाही. पहिले आम्हीही नसू. पण तो दुसरा तरी कसा? माझ्या गच्चीत तर शिकला!

आता तो लोकांना किट विकतो. घेणाऱ्यांचे फोन मला येतात, पानांच्या कडा जळतायत म्हणून. म्हणून सांगून ठेवतो, ग्रीनहाउस बांधण्याआधी पाणी तपासा. आमच्या नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार मीटरवर १५० पीपीएम (दहा लाख भागांत १५०), शेजारच्या बोअरच्या पाण्यात ७००. त्यात खत घालायला जागा कुठे उरते? पीएच मीटर घ्याल तर कॅलिब्रेशनचं द्रावण घ्या, नाहीतर नुसता आकडा बघत बसाल. ए आणि बीचं घट्ट द्रावण एकमेकांत ओतू नका, कॅल्शियम नायट्रेट सल्फेटला भेटलं की तळाशी जिप्सम बसतं. आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी. हे आमच्या खालच्या भाडेकरूंना विचारा.

टाकी आम्ही जिन्याखाली आणली. पंपाला स्वतंत्र बॅटरी, आणि प्रवाह थांबला तर वाजणारा भोंगा. लॉकडाउनमध्ये हॉटेलं बंद झाली तेव्हा सोसायट्यांमध्ये पुडे विकले. त्यानंतरच्या वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही, माल गेला, पैसे आले.

पण सँडविचवाल्या ताईंचं सांगायचं राहिलं. कॉलेज रोडला त्यांची गाडी, मंगळवारी २ किलो, शुक्रवारी २. त्या पाच आठवड्यांत शिष्य त्यांच्याकडेही गेला होता, हे मला मागाहून त्यांच्या मुलाकडून समजलं. ताईंनी कोबी चिरून घातला आणि काचेवर वहीचा कागद चिकटवला, "लेट्यूस पुढच्या आठवड्यात." पाच वेळा पुढचा आठवडा झाला. जूनमध्ये पहिला माल घेऊन गेलो तेव्हा त्यांनी कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर माझा हिशोब मांडला आणि म्हणाल्या, "दादा, मागचे दीडशे राहिलेत माझ्याकडे."