फराळ किती जणांचा?

जुलैत आपल्याकडच्या शाळा सुरू झालेल्या असतात, त्यामुळं सिंगापूर क्रूझचे ग्रुपचे दर उतरतात. लातूर-नांदेड-परभणीकडच्या रिटायर मंडळींना म्हणूनच जुलै परवडतो. त्याच सुमारास आषाढी येते हे मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही कळतं. पण तारखा ठरवणारा पोरगा मुंबईच्या ऑफिसात बसतो आणि त्याच्या टेबलावरच्या कॅलेंडरात एकादश्या छापलेल्या नसतात. सिंगापूरहून निघायचं, पिनांग, फुकेत, मग एक अख्खा दिवस समुद्रात आणि पुन्हा सिंगापूर. आषाढी नेमकी त्या समुद्रातल्या दिवशी आली.

मी लातूरहून ग्रुप घेऊन जातो. त्याआधी काही वर्षं जहाजावरच गॅलीत होतो, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात. त्यामुळं आपण नक्की काय मागतोय आणि समोरच्याला त्याचा किती ताप होणार, हे मला माहीत असतं. टूर मॅनेजरला ही माहिती नसलेलीच बरी.

बुकिंगच्या फॉर्ममध्ये जेवणाचे पर्याय भरपूर असतात. व्हेज, हिंदू व्हेज, जैन, व्हिगन, ग्लुटेन-फ्री, हलाल, कोशर. पण 'एरवी व्हेज आणि एक दिवस उपवास' असा रकाना कुठल्याच कंपनीच्या फॉर्मवर मी पाहिलेला नाही. माणूस कायमचा काहीतरी एक असतो, अशी त्यांची समजूत. मी शेरा म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवलं होतं: धान्य नको, डाळी नकोत, हळद-मोहरी नको, कांदा-लसूण नको. 'नोंद घेतली आहे' असं उत्तरही आलं. जहाजावर चढल्यावर रेस्टॉरंटच्या मुख्य माणसानं टॅबलेट उघडून दाखवला. हिंदू व्हेज 41, जैन 6. शेऱ्याच्या जागी काही नाही.

त्यात जैनांना बटाटा, रताळं, कुठलंच कंदमूळ चालत नाही आणि आपला अर्धा फराळ बटाट्यावर उभा. म्हणजे एकाच ग्रुपमधल्या दोन टेबलांना एकमेकांचं ताट वर्ज्य.

लातूरला निघण्याआधी मीटिंग घेतो तेव्हा मी तीन गोष्टी घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो. इस्त्री आणायची नाही, इंडक्शन शेगडी आणायची नाही, घरी शिजवलेलं आणायचं नाही. आग ही जहाजावरची सगळ्यात मोठी भीती. गॅलीतसुद्धा उघडी ज्योत नसते, सगळं विजेवर. म्हणून तिथं भाकरी फुगवता येत नाही. तव्यावर फडक्यानं दाबून जी होते तिला भाकरी म्हणायचं. तरीही सिंगापूरच्या टर्मिनलवर एक्स-रेमध्ये आमच्या ग्रुपच्या दोन इस्त्र्या आणि एक शेगडी निघालीच. गंगाखेडच्या काकूंची बॅग मात्र सुटली, कारण त्यांच्याकडं सीलबंद कोरडा माल होता. शाबुदाणा, भगर आणि शेंगदाण्याचा कूट. काकू दशमीच्या रात्री ती पिशवी घेऊन माझ्यापुढं उभ्या. "हे घ्या, आचाऱ्याला द्या. एवढं अवघड काय त्यात?"

अवघड खूप असतं. बाहेरचा कच्चा माल गॅलीत जात नाही म्हणजे नाही. तो कुठून आला, कसा साठवला, याचा कागद नसतो. अमेरिकेच्या बंदरात जाणाऱ्या जहाजांची तिथलं आरोग्य खातं अचानक तपासणी करतं आणि 100 पैकी 86 च्या खाली गेलं की नापास. मोठ्या कंपन्या ती शिस्त मग आशियातल्या जहाजांवरही चालवतात. मी अशा तपासणीत उभा राहिलोय. फ्रिजच्या दाराच्या रबराखाली बोट फिरवून बघतात. पिशवी नाकारणाऱ्या शेफला ग्रुपनं माजोरडा म्हटलं. माझ्या मते तो शंभर टक्के बरोबर होता.

तो इंडियन सेक्शनचा सू-शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा, गढवालचा. जहाजावर आपल्या बाजूचे स्वयंपाकी बघितले तर गढवाल-कुमाऊं, गोवा आणि केरळ. मराठवाड्याचा माणूस क्वचितच दिसतो. उपवास म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "व्रत का खाना? नवरात्रवाला?" त्याला कुट्टू, शिंगाड्याचं पीठ वगैरे माहीत होतं, आपली दाण्याची आमटी त्यानं ऐकलेली नव्हती. रात्री अकरानंतर, दुसरी पंगत उठल्यावर, त्याच्या साहेबाची परवानगी काढून त्यानं मला पांढरा कोट आणि टोपी घातली आणि आत घेतलं.

शाबुदाणा कुठून आणायचा? पेस्ट्रीवाल्यांकडं असतो, पुडिंगसाठी. मोहरीपेक्षा जरा मोठा, एकसारखा, पांढराशुभ्र. मी पाकीट हातात घेतलं तेव्हाच शंका आली होती. आपला सेलमकडचा शाबुदाणा वाफेतून किंवा भाजणीतून गेलेला असतो, म्हणून तो भिजून टपोरा होतो आणि आकार धरून राहतो. तिकडचा बारीक दाणा गार पाण्यात टाकला की विरघळतो. त्याला थेट उकळत्या पाण्यात किंवा दुधात टाकायचा असतो. शेफला पटेना, म्हणून वाटीभर भिजवून बघितला. दहा मिनिटांत वाटीत दाणे नव्हते, पिठूळ लगदा होता. शेफ वाटी तिरकी करून बघत राहिला. खिचडी बाद.

पण लगदा चिकट असतो आणि उकडलेल्या बटाट्याला तेच हवं असतं. मग यादी अशी ठरली. त्याच लगद्याचे बटाटेवडे, जिरं-मिरचीची बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, दही, फळं आणि शाबूची खीर. खीर तर त्या दाण्याची फर्मास होते, कारण मुळात तो त्यासाठीच असतो. दाणे ओव्हनमध्ये भाजले. सालं काढायला मी सवयीनं फडकं मागितलं तर नाही म्हणाला, धागे निघतात. भोकाच्या ट्रेवर हातमोज्यानं चोळून काढली. वडे तळायला नवीन तेल, वेगळी कढई. शेंगदाणा म्हणजे ॲलर्जीचा माल, म्हणून मांडणी बुफेत नाही, रेस्टॉरंटच्या एका कोपऱ्यात, पाटी लावून. सैंधव नव्हतं. कोथिंबिरीवर ग्रुपमध्ये आधीच दोन तट होते, म्हणून ती घातलीच नाही.

किती जणांचं? जेवणाच्या टेबलांवर मी हात वर करायला सांगितले होते. 38 हात. न करणारासुद्धा आषाढी करतो, असं आपल्याकडं म्हणतात.

एकादशीची सकाळ. मलाक्काच्या सामुद्रधुनीत सुमात्राची आड असते, त्यामुळं पाणी निवांत. फुकेतला पावसाळी लाटांनी ज्यांची तोंडं उतरली होती ती सगळी ताजीतवानी. आदल्या रात्री केबिनच्या दारात कार्यक्रमपत्रिका आलेली असतेच: सकाळी झुंबा, टॉवेलचे प्राणी कसे करायचे, बर्फावरचं कोरीवकाम, दुपारी एकला डेकवर बिंगो, मग प्रश्नमंजुषा, संध्याकाळी बॉलिवूड नाच, रात्री थिएटर. सी-डे, म्हणजे अख्खा समुद्रातला दिवस, असाच रचलेला असतो, माणूस दहा मिनिटंही रिकामा सुटू नये म्हणून. रिकामा बसला की तो उतरायची वाट बघतो, आणि खर्च तर करतच नाही.

नाश्त्यालाच पहिला वाद. एक रिटायर बँक अधिकारी प्लेटमध्ये वॉफल घेऊन उभे. म्हणे, पंचांग तिकडच्या सूर्योदयाचं, इथं सूर्य आधी उगवतो, घड्याळ अडीच तास पुढं, फुकेतला आणखी वेगळं. मग एकादशी लागली कधी? त्यावर आमच्या ग्रुपमधले गुरुजी, गळ्यात तुळशीची माळ, चहाचा कप खाली ठेवून एवढंच बोलले, "वॉफल संपवा, मग बघू."

साडेबारापर्यंत कोपरा मांडून तयार. शेफ स्वतः इस्त्रीचा कोट घालून उभा. गरम पदार्थांच्या भांड्यांवर वेळेची चिठ्ठी: साडेबारा ते साडेचार. ही चिठ्ठी बाहेरच्यांना दिसत नाही, पण तिच्यावर गॅली चालते. चार तासांच्या हिशोबावर ठेवलेला पदार्थ चौथ्या तासाला टाकायचा, मग तो कितीही चांगला असो. गार ठेवलेल्याला हा नियम नाही, तो 5 अंशाखाली असला की पुरे.

एक वाजता 7 जण आले. दीडपर्यंत 11.

मी शोधायला वर गेलो. डेकवर बिंगो जोरात. आमचे पंधरा-एक तिथं, आणि मागच्या बुफेच्या नूडल्सच्या वाट्या साक्षीला. "सर, एक लाईन राहिलीय फक्त." परतूरचे एक काका म्हणाले, "आषाढी आपल्या गावात लागते हो. समुद्रात कोण बघायलंय?" पांडुरंग, असं मी म्हणालो नाही. सात-आठ जणी गंगाखेडच्या काकूंच्या केबिनमध्ये सापडल्या. केटलीचं उकळतं पाणी स्टीलच्या डब्यात भगरीवर ओतून, झाकण लावून, वर उशी ठेवलेली. भगर सुरेख फुलली होती, हे मान्य करतो. मी खालच्या वड्यांचं सांगितलं तर काकू म्हणाल्या, "त्या घरात सगळंच शिजतं की. तुमच्याकडं हट्ट केला तो माझ्या शाबूचा होता, त्यांच्या नव्हे."

म्हणजे आदल्या रात्री सगळ्यात मोठ्यानं फराळ मागणारी मंडळीच खाली आली नव्हती. आलेल्या अकरांमध्ये गुरुजी होते. त्यांनी सगळं नीट बघून विचारलं, तेल वेगळं का, मीठ कुठलं, आणि पोटभर जेवले. शेफला हात जोडले. शेफनं त्यांना आणखी दोन वडे वाढले.

साडेचारला ट्रे गेले. मी नको तिथं उभा होतो, म्हणून बघावं लागलं. उरलेलं अन्न पल्परमध्ये दळतात. 25 मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक असेल तर किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांपलीकडं सोडता येतं, न दळलेलं 12 मैलांपलीकडं. पंचवीस-तीस जणांचे वडे, भाजी, कीस, आमटी. खीर तेवढी गारव्यात राहिली. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावचा माणूस मी. टाकलेलं बघायची सवय जहाजावर लागली असं वाटलं होतं. शेफ काही बोलला नाही. वही काढून विचारलं, "सरजी, रात को कितने?"

मी बारा म्हणालो. अकरा आलेले, एक जास्तीचा.

मग पाच वाजता हरिपाठ. कार्डरूम रिकामी होती म्हणून करमणूक विभागाच्या फिलिपिनो पोरीनं ती तासभर दिली; तिनं नोंद काय केली माहीत नाही, बहुतेक 'समूहगायन'. एकाकडं टाळ निघाले. ते एक्स-रेमध्ये कसे सुटले, मी विचारलं नाही. दहा जण येतील म्हटलं तर खुर्च्या कमी पडल्या. बँकवाले आले, बिंगोवाले आले. गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव, त्यामुळं काकूंना आग्रह करावा लागला नाही. दाराबाहेरून जाणारी परदेशी माणसं थांबत होती, टाळ्या वाजवत होती. ती पोरगी तर फेर धरायला आत आली आणि तिला कुणी बाहेर काढलं नाही.

रात्री सव्वाआठची पंगत. 36 जण येऊन बसले आणि 36 जणांनी फराळ मागितला. परतूरचे काकाही. काकूही, ज्यांना त्या घरातलं चालत नव्हतं. बँकवाल्यांनी मला हळूच सांगितलं, "आता सिंगापूरची वेळ धरली तरी एकादशीच आहे."

मी दारातून शेफकडं बघितलं. पुरेसं सगळं चार तासांपूर्वी समुद्राच्या वाटेला लागलेलं. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याचे उकडलेले बटाटे काढले, जिऱ्यावर परतले, राहिलेल्या दाण्यांचा कूट टाकला, केळी-पपई कापली आणि दुपारची खीर. बारा ताटांत वडे होते, ते मी गुरुजींच्या टेबलापासून वाढायला लावले. बाकीच्यांना वडे नाहीत म्हणून मला जे ऐकावं लागलं, ते इथं लिहीत नाही.

मी हे बऱ्याच जणांना सांगितलंय आणि प्रत्येक जण वेगळं कारण काढतो. कोणी म्हणतं हरिपाठानं मन फिरलं. कोणी म्हणतं सूनबाईंचे व्हिडिओ कॉल आले असतील, 'फराळाला काय केलंत' म्हणून. माझ्या बायकोच्या मते दुपारी नूडल्स खाऊन पोटं बिघडली होती, दुसरं काही नाही. मला यातलं एकही पुरतं पटत नाही. एवढं मात्र मी अजूनही म्हणतो की दुपारच्या अकरांवरून रात्रीचे बारा हाच हिशोब बरोबर होता. गॅलीत वाढलेला कुणीही तोच सांगेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे सामानाच्या चिठ्ठ्यांच्या रंगाप्रमाणं मी लोकांना उतरवत होतो, तर परतूरचे काका गर्दीतून वाट काढत आले. "सर, आज द्वादशी. पारण्याला वरणभात कुठं ठेवलाय?"