हेरल्डचे ब्रेक, हेरल्डचा डिफ आणि सातपूरची लेथ

आमची स्टँडर्ड हेरल्ड १९६६ ची, दोन दारांची. वडिलांनी घेतली, मी ठेवली. कागदोपत्री ती साधी फॅमिली कार आहे, पण तिच्याखाली वाकून पाहिलं की लगेच कळतं, ही स्पोर्ट्स गाडीची सख्खी बहीण आहे. १९६२ साली इंग्लंडमध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स गाडी आली ती हेरल्डच्याच पायावर: तीच पुढची सस्पेन्शन, तोच मागचा आडवा पाटा, तीच स्विंग अॅक्सल (चाकासकट वरखाली झुलणारा मागचा अॅक्सल), आणि रेखाटणारा माणूसही तोच, मिकेलॉटी. त्यामुळे स्पिटफायरवाल्यांनी साठ वर्षांत शोधून ठेवलेलं बरंच काही आपल्या मद्रासला बनलेल्या हेरल्डलाही लागू पडतं. फक्त ते पौंडात विकत घ्यायचं की नाशकात करून घ्यायचं, एवढा प्रश्न उरतो.

मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल. त्यामुळे या कामाकडे माझी बघण्याची पद्धत एकच: आधी मोजायचं, मग पैसे काढायचे. जुन्या गाडीत पैसा जातो तो बहुतेक वेळा न मोजता मागवलेल्या पार्टवर.

सगळ्यात आधी, इंजिन मी बदललेलं नाही आणि बदलणार नाही. ओम्नीचं इंजिन बसव, असा सल्ला नाशकातला प्रत्येक मिस्त्री देतो. पण पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जे व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यात चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं असावं अशी अट आहे. आज मला ती नोंदणी नको, कारण त्यात गाडी रोज चालवता येत नाही. उद्या मुलीला हवी असेल तर दार बंद का करायचं? म्हणून माझा नियम असा की जे बोल्ट सोडून परत मूळ स्थितीला नेता येतं, तेवढंच बदलायचं. काढलेला प्रत्येक धड पार्ट तेल लावून, चिठ्ठी बांधून माळ्यावर आहे.

आता ब्रेक. हेरल्डला चारही चाकांना ड्रम. गावात फिरायला पुरतात. पण नाशिककराला मुंबईला जायचं तर कसारा घाट उतरावा लागतो, आणि तिथे ड्रमचा स्वभाव कळतो. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. पेडल खाली खाली जात राहतं आणि लायनरची पकडही कमी झालेली असते. डिस्क तापून फुगली तर पॅडच्याच दिशेनं फुगते. स्पिटफायरला पहिल्या दिवसापासून पुढे नऊ इंची डिस्क होत्या, त्या याचसाठी.

डिस्क लावायचं ठरवलं आणि मी आधी उघडलं ते भलतंच. हेरल्डच्या पुढच्या चाकाचा सगळा भार एका उभ्या पोलादी लिंकवर असतो. तिचं खालचं टोक आट्यांचं, आणि ते ब्रासच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे आतून आटे असलेल्या खालच्या सांध्यात, फिरतं. उजवीकडे उजव्या आट्या, डावीकडे डाव्या. या ट्रनियनमध्ये ईपी ९० गिअर ऑइल घालायचं असतं. आपल्याकडे निप्पल दिसलं की ग्रीसगन लावतात. ग्रीस आट्यांमध्ये नीट पोचत नाही, सुकतं, पाणी शिरतं, आणि लिंक आट्यांच्या मुळाशी गंजते. अशी लिंक तुटली की चाक आडवं पडतं. डिस्कनं ब्रेक जोरात लागणार, म्हणजे त्याच लिंकवर जास्त ओढ येणार. मग नवी डिस्क गंजलेल्या लिंकवर कशी लावायची?

आमच्याकडे वेल्डिंग तपासायला डाय पेनिट्रंट असतं. तीन स्प्रे: क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर. कुठल्याही इंडस्ट्रियल दुकानात मिळतात. दोन्ही लिंक घासून स्वच्छ केल्या, लाल डाय मारला, मुरू दिला, पुसला, वर पांढरा थर दिला. उजवी लिंक पांढरीच राहिली. डावीच्या शेवटच्या आट्याच्या मुळाशी थोड्या वेळानं केसाएवढी लाल रेघ उमटली, आणि बघता बघता तिच्या कडा पसरल्या. डोळ्यांना तिथे आधी काहीच दिसलं नव्हतं, नखालाही लागलं नव्हतं. ती लिंक मी त्याच दिवशी करवतीनं कापून टाकली, कुणी चुकूनही पुन्हा बसवू नये म्हणून. नवी लिंक आणि दोन्ही ट्रनियन इंग्लंडहून मागवले. या कामात पूर्ण किंमत मोजून आणलेली गोष्ट हीच, आणि इथे मी एक रुपयाही वाचवला नसता. ज्यांच्याकडे हेरल्ड किंवा तिचीच पुढची आवृत्ती गॅझेल आहे त्यांना कळकळीनं सांगते: बाकी काही करा न करा, ही तपासणी करा.

कॅलिपर, म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे भाग, इंग्लंडात लेस्टरला राहणाऱ्या मावसभावानं आणले. मोडीत निघालेल्या स्पिटफायरचे, ब्रॅकेट आणि हबसकट. कास्ट आयर्न ठणठणीत, पण पिस्टनवरचा क्रोम खड्डे पडलेला. नवे पिस्टन मी सातपूरच्या एका टर्नर काकांकडून स्टेनलेसमध्ये करून घेतले. काका मायकोतून (आताची बॉश) निवृत्त झालेले. ज्या हातांनी उभी हयात डिझेलच्या नोझलवर मायक्रॉनची कामं केली, त्यांना माझा पिस्टन म्हणजे फारच ढोबळ काम. तरी त्यांनी ग्राइंड करून दिल्यावर म्हणाले, "ताई, तुझ्या मायक्रोमीटरनं घे बरं माप, मग ने." मी घेतलं. चारही पिस्टनमधला फरक दोन मायक्रॉनच्या आत होता.

जुन्या गाडीचा स्वस्त आणि चांगला मार्ग मला यातच दिसतो. नाशकात हेरल्डचे पार्ट मिळत नाहीत, पण पार्ट बनवणारी माणसं मिळतात. सातपूर-अंबडमधल्या छोट्या शेडमध्ये जे कसब आहे ते इंग्लंडमधल्या हौशी माणसाला बराच जास्त मोबदला देऊन मिळेल. आपल्या बाजूनं नीट ड्रॉइंग द्यायला हवं, टॉलरन्स लिहून. "असंच दुसरं करून द्या" म्हणून जुना झिजलेला पार्ट हातात दिला तर नवा पार्टही झिजलेल्या मापाचाच येतो.

डिस्क मात्र लेथवर बारमधून काढायची नाही. मऊ पोलादाची डिस्क दिसायला चकचकीत होते, पण ब्रेक डिस्कला ग्रे कास्ट आयर्नच लागतं. त्यातलं ग्रॅफाइट उष्णता वाहून नेतं. मी बाजारात मिळणारी एका छोट्या गाडीची नवी सॉलिड डिस्क घेतली आणि मधलं भोक व बोल्टची भोकं हेरल्डच्या हबप्रमाणे करून घेतली. कुठल्या गाडीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत मॉडेलप्रमाणे हॅटची (डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागाची) खोली बदलते आणि डिस्क कॅलिपरच्या मधोमध येत नाही. आपल्या हबवरून माप घ्या, दुकानात खोली मोजा, मगच पैसे द्या. बसवल्यावर डायल लावून फिरवली. कडेजवळ रनआउट (फिरताना डिस्कची डगमग) ०.०५ मिमीच्या आत आला तेव्हाच पॅड घातले.

मागचे ड्रम ठेवले. व्हील सिलिंडर आतून गंजलेले, म्हणून बोअर करून स्टेनलेसची स्लीव्ह मारली आणि मूळ मापाला होन केलं. मास्टर सिलिंडरलाही तेच. स्लीव्ह मारून घेताना एक गोष्ट स्वतः बघा: ऑइल येण्याचं भोक पाडल्यावर आतल्या बाजूला बर, म्हणजे धातूची धारदार कडा, राहते. बोटाला जेमतेम जाणवते, पण सील पहिल्यांदा आत सरकवतानाच कापलं जातं. आणि हे सगळं धुवायचं ते ब्रेक ऑइलनं किंवा स्पिरिटनं. आपले मिस्त्री सवयीनं डिझेल किंवा पेट्रोलचा डबा पुढे ओढतात. त्यानं ब्रेकचं रबर फुगतं आणि महिन्याभरात ब्रेक धरून बसतात. लोखंड जुनं चालेल, तपासून. रबर, लायनर आणि ऑइल नवंच हवं, यात तडजोड नाही. जुने लायनर अॅस्बेस्टॉसचे असू शकतात, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

नळ्यांच्या बाबतीत एक धोका सांगितलाच पाहिजे. हेरल्डचे ब्रेकचे नट ३/८ इंची यूएनएफ, म्हणजे ९.५२५ मिमी. आजच्या गाड्यांचे एम १० बाय १. इंची नट मेट्रिक भोकात जातो, दोन-चार आटे नीट फिरतो, घट्टही झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो आट्यांच्या टोकांवर लटकलेला असतो, आणि नेमका जोरात ब्रेक दाबल्यावर निसटू शकतो. गाडीवर इंची आणि मेट्रिक एकत्र आलं की प्रत्येक जोडावर थ्रेड गेज लावायचा. मी मेट्रिक जोडांवर पिवळा रंग दिलाय.

ब्रेक ऑइल डॉट ४ घातलं. कोरडं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरतं. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. घाट उतरणाऱ्यानं ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं. पाण्याच्या बाटलीएवढाही खर्च नाही असं म्हणणार नाही, पण एका टायरच्या तुलनेत काहीच नाही.

पेडल आता आधीपेक्षा कडक लागतं. पुढचे ड्रमचे शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढले जात, डिस्कमध्ये तशी मदत नसते. पहिले काही दिवस बेताबेतानं चालवत, पन्नासवरून पंधरावर हळूहळू उतरवत पॅड बसवले. नंतर सरळ, मोकळ्या रस्त्यावर जोरात दाबून पाहिलं. पुढची चाकं आधी लॉक झाली, मागची नाही. स्विंग अॅक्सलच्या गाडीत हे असंच हवं.

ब्रेक झाल्यावर मग डिफ, म्हणजे शाफ्टची गती मागच्या चाकांना देणारा डिफरन्शियल. थांबता आलं पाहिजे, नंतर पळणं.

माझा जुना डिफ किती रेशोचा आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक पूर्ण दोन वेळा फिरवायचं आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते खडूच्या खुणेवर मोजायचं. पाचला जरासा कमी आला, म्हणजे डिफमधल्या मोठ्या दातेरी चाकाला (क्राऊन) ३९ दात आणि छोट्याला (पिनियन) ८, रेशो ४.८७५. १५५/८० आर १३ टायरचा घेर साधारण १.८२ मीटर. ताशी ८० ला इंजिन सुमारे ३,५८० वर फिरतं. ९४८ सीसीचं बिचारं इंजिन सिन्नरपर्यंत नुसतं ओरडत जायचं.

स्पिटफायरमध्ये आधी ४.११ होता, १९७० च्या मार्क ४ ला ३.८९, आणि १५०० ला ३.६३. मोह ३.६३ चा होतो. पण ती १,४९३ सीसीची गाडी. तो रेशो माझ्या इंजिनाला जोडला तर कसारा चढताना दुसऱ्या गिअरमध्येच अडकून पडेन. ४.११ घेतला. ८० ला आता ३,०२० च्या आसपास. पूर्ण डिफ जड, म्हणून नुसता क्राऊन-पिनियनचा जोड आणवला, माझ्या केजची (क्राऊन ज्यावर बसतो त्या भागाची) मापं आधी पाठवून. क्राऊन आणि पिनियन एकत्र लॅप केलेले असतात आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. नंबर जुळत नसेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

बेअरिंगं आणि ऑइल सील इथलीच. दुकानात जाऊन "हेरल्डचं बेअरिंग" मागितलं की नाहीच म्हणतात. जुनं बेअरिंग पुसून त्यावरचा नंबर वाचून दाखवला की माणूस मागे न बघता खोकं काढून देतो. सीलचंही तसंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. शाफ्टचे क्रॉसही कपाचा व्यास आणि टोकापासून टोकापर्यंतची लांबी मोजून घेतले, ग्रीस निप्पलवाले. शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, ०.१२ मिमीवर आणला, दातांना ब्लू (निळा रंग) लावून फिरवलं, ठसा दाताच्या मधोमध आला. हे काम घाईत होत नाही. शिम काढा, घाला, परत फिरवा. पण त्यानंतर डिफ अजिबात गात नाही.

रेशो बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो, कारण त्याची केबल गिअरबॉक्समधून येते. गाडी खरोखर ८० वर असताना माझा काटा ६७ दाखवायचा. महामार्गावर कॅमेरे आहेत, त्यामुळे हे किरकोळ समजू नका. मीटर कॅलिब्रेट होऊन येईपर्यंत मोबाइलच्या जीपीएसवर चालवली.

गेल्या महिन्यात कसारा उतरून पायथ्याला गाडी बाजूला घेतली आणि इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. पुढच्या दोन्ही डिस्क जवळजवळ सारख्या तापलेल्या, पेडल वरच्या वर, घट्ट. मागचा डावा ड्रम मात्र उजव्यापेक्षा तीस अंशांनी गरम. हँडब्रेकची केबल पुलीत अडकून एक शू जरासा घासत होता. तिथेच खाली वाकून केबल सैल केली, घरी आल्यावर पुली सोडवून ग्रीस केली.

आता राहिलाय तो टँडेम, म्हणजे दोन वेगळ्या सर्किटांचा, मास्टर सिलिंडर. हेरल्डला एकच सर्किट आहे, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात, आणि तोवर भरवसा फक्त हँडब्रेकचा. फायरवॉलची मापं घेतली आहेत, ब्रॅकेटचं ड्रॉइंग काकांकडे दिलंय. दिवाळीआधी बसवायचाय.