आधी पाय, मग काटा

रबाळे एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्या बॅगेत नवा कोरा डायल गेज होता, टोक जरा दाबलं गेलं तरी काट्यावर मिलिमीटरचे शंभरावे भाग दाखवणारा. आयटीआयचा निकाल लागल्यावर दादाने घेऊन दिलेला. फिटर ट्रेडची दोन वर्षं ठाण्याच्या आयटीआयत काढली होती. कानस चालवून तळहाताला घट्टे पडले होते, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर नीट वाचता येत होते. मशीन बसवणं म्हणजे शेवटी कपलिंगवर, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट (फिरणारे दांडे) जोडणाऱ्या भागावर, डायल लावून काटा शून्यावर आणणं, अशी माझी पक्की समजूत होती. पहिले तीन महिने तो डायल डब्यातून बाहेरच आला नाही.

आमची कंपनी लहान आहे. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांत पंप, ब्लोअर, गिअरबॉक्स बसवायची कामं घेते. मी राहते कळव्याला. सकाळी आधी उलटं ठाण्याला यायचं, तिथून ट्रान्स हार्बरची गाडी धरायची आणि आठच्या आत रबाळ्याच्या गेटवर हजर व्हायचं. ज्यांच्या हाताखाली मला दिलं ते काका घणसोली गावातले. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची आणि तिची पहिली वसाहत ठाण्याची वागळे इस्टेट. काकांनी पोरवयात पहिलं काम धरलं ते त्याच वागळे इस्टेटमध्ये. मला ते पहिल्या दिवसापासून ‘बाय’ म्हणत आले. साइटवर मी एकटीच मुलगी. पण काम देताना त्यांनी कधी हात आखडला नाही आणि चुकल्यावर बोलतानाही नाही.

पहिलं काम मिळालं छिन्नी-हातोड्याचं. नव्या पंपाचं काँक्रीटचं फाउंडेशन तयार होतं, वरून छान गुळगुळीत. मला वाटलं, ठेवायचा त्यावर पंप-मोटरचा बेस. काकांनी त्या गुळगुळीत थरावर मला दोन दिवस टाचे मारायला लावले, आतली खडी दिसेपर्यंत. वरचा थर म्हणजे नुसती सिमेंटची साय असते. बेसखाली ओतायचा ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ मसाला, तिला धरतो आणि ती सुटली की तिच्यासोबत ग्राउटही सुटतो. मग फाउंडेशन रात्रभर पाण्याने भिजत ठेवलं आणि सकाळी बोल्टच्या खड्ड्यांत साचलेलं पाणी फडक्याने टिपून काढलं. कोरडं काँक्रीट ग्राउटमधलं पाणी शोषून घेतं, साचलेलं पाणी ग्राउट पातळ करतं, म्हणून दोन्ही सांभाळायचं.

त्यानंतर लेव्हल. मास्टर लेव्हलची एक रेघ म्हणजे मीटरमागे ०.०२ मिमी. शेजारून फोर्कलिफ्ट गेली तरी बुडबुडा हलतो. बेसखाली पॅकर आणि पाचरी सारून चारही कोपरे सारखे करताना मी अर्धा दिवस एका कोपऱ्याच्या मागे लागले होते. काकांनी लेव्हल उचलली, जागेवरच टोकाकडून टोक फिरवून ठेवली आणि बुडबुडा दुसऱ्या बाजूला गेला. बेस ठीक होता, लेव्हलचीच सेटिंग हललेली होती. तेव्हापासून लेव्हल हातात घेतली की आधी फिरवून बघते. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच बाजूला तेवढाच सरकला तरच तो उतार बेसचा.

ग्राउट ओतायचा तो एकाच बाजूने, न थांबता, दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत. दोन्हीकडून ओतला तर मध्ये हवा कोंडते आणि बेस खालून पोकळ राहतो. पोकळ जागा हातोडीने ठोकून आवाजावर कळते. भरलेली जागा ठक्क वाजते, पोकळ जागा डब्यासारखी. फाउंडेशन बोल्ट पुरते आवळायचे ते ग्राउट पक्का झाल्यावरच. तोवर गोणपाट टाकून पाणी मारत राहायचं.

हे सगळं मी त्या वेळी थोडं चिडूनच केलं. मी फिटर, आणि करतेय गवंड्याचं काम. पण नंतर जेवढ्या बिघडलेल्या अलाइनमेंट, म्हणजे एका रेषेतून हललेल्या शाफ्टच्या जोड्या, मी उघडून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींचं मूळ डायल लावण्याच्या आधीच्या कामात होतं. एवढी एकच गोष्ट सांगता यावी म्हणून हा अनुभव लिहायला घेतला.

डायल पहिल्यांदा बाहेर आला तोही कपलिंगसाठी नाही, मोटरच्या पायासाठी. “बाय, आदी पाय बघ,” हे काकांचं ठरलेलं वाक्य. आमच्या घरी आजीचा एक पाट होता, एका कोपऱ्यात डुगडुगणारा. त्यावर वजन देऊन बसलं की डुगडुग थांबते, पण पाट पिळलेला असतो. मोटरचंही तेच. चारपैकी एक पाय बेसला टेकलेला नसतो. बोल्ट आवळला की तो खाली येतो, पण येताना मोटरचं अंग पिळतं, बेअरिंगची घरं एका रेषेत राहत नाहीत. याला सॉफ्ट फूट म्हणतात. तपासायला सोपं आहे. चारही बोल्ट आवळायचे, एका पायावर डायल लावायचा, तेवढाच बोल्ट सोडायचा आणि काटा बघायचा. पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला तर खाली शिम, म्हणजे मापाची पातळ पत्र्याची पट्टी, हवी. बोल्ट परत आवळायचा आणि पुढच्या पायाकडे जायचं. मात्र शिम सारण्याआधी पायाखालचा गंज आणि रंग खरवडून काढायचा. खाडीच्या हवेत इथे गंज फार लवकर धरतो, साध्या लोखंडी पत्र्याच्या शिमा एका पावसाळ्यात फुगतात. आम्ही स्टेनलेस स्टीलच्याच वापरतो आणि एका पायाखाली तीन-चारहून जास्त ठेवत नाही. पातळ पत्र्यांची चळत स्प्रिंगसारखी दबते.

आता ज्या रात्रीमुळे मला अलाइनमेंट खरी समजली ती सांगते. १५०० आरपीएमची मोटर आणि पाण्याचा पंप. कारखान्याला सकाळी पंप सुरू हवा होता. काकांनी सांगितलं, आज हिशेब तुझा. आधी इलेक्ट्रिशियनकडून सप्लाय बंद करून घेतला, माझं कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. डायल धरणारा ब्रॅकेट पंपाच्या कपलिंगवर आणि डायलचं टोक मोटरच्या कपलिंगच्या कडेवर. वर काटा शून्यावर लावला आणि दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवत चार ठिकाणी रीडिंग घेतलं. वर शून्य, खाली अधिक ०.३०, डावीकडे ०.१०, उजवीकडे ०.२०. डावं-उजवं मिळून ०.३० आणि वर-खाली मिळूनही ०.३०, म्हणजे रीडिंग भरवशाचं. ही बेरीज जुळत नसेल तर ब्रॅकेट सैल आहे किंवा काटा कुठेतरी अडकतोय. ब्रॅकेट स्वतःच्या वजनाने किती वाकतो ते आम्ही आधीच एका जाड पाइपवर बांधून मोजलं होतं आणि ते वजा केलं होतं.

मग तोंडावरचं रीडिंग. कपलिंगच्या तोंडावर १६० मिमी व्यासाच्या वर्तुळात फट खालच्यापेक्षा वर ०.१६ मिमी जास्त. वर फट जास्त म्हणजे मोटर मागून खाली बसली आहे. ०.१६ भागिले १६०, म्हणजे दर मिलिमीटरला ०.००१. कपलिंगपासून पुढचे पाय २०० मिमीवर, मागचे ५०० मिमीवर. तेव्हा तिरकेपणा काढायला पुढे ०.२० आणि मागे ०.५० शिम हवी. इथवर बरोबर होतं. शिवाय पूर्ण मोटरच खाली होती, कारण खालचं रीडिंग अधिक ०.३० होतं. मी दोन्हीकडे ०.३० मिळवले. पुढे ०.५०, मागे ०.८०. कात्रीने शिमा कापल्या, कडा घासल्या, सारल्या, बोल्ट एकाआड एक, समोरासमोर आवळले.

पुन्हा डायल लावला. तोंडावरची फट वर-खाली सारखी झाली होती, जीव सुखावला. कडेवरचं रीडिंग घेतलं तर खाली उणे ०.३०. आकडा तोच, चिन्ह उलटं. मला वाटलं डायल बिघडला. टोक पुसलं, ब्रॅकेट आवळला, तीनदा फिरवलं, दरवेळी उणे ०.३०. रात्रीचा एक वाजून गेला होता. काका खुर्चीत बसून बघत होते. उठले, खडूने जमिनीवर एक वर्तुळ काढलं आणि त्याच्यावर जरा खाली सरकवून दुसरं. वरच्या टोकाला दोन वर्तुळांत अंतर पडलं, खालच्या टोकालाही पडलं. “मोटर एकदाच खाली हाय, पन काट्याला ती दोनदा दिसते,” म्हणाले. मोटर खाली असते तेव्हा वरच्या बाजूला डायलचं टोक तेवढं बाहेर येतं आणि खालच्या बाजूला तेवढंच आत दाबलं जातं. काटा दोन्हींची बेरीज दाखवतो. शाफ्ट प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यानेच खाली असतो, ०.१५. मी ०.३० मिळवून मोटर ०.१५ वर नेली होती, म्हणून आकडा तेवढाच राहिला आणि बाजू उलटली.

दोन्ही पायांखालून ०.१५ काढले. पुढे ०.३५, मागे ०.६५. मग जॅक बोल्टने मोटर आडवी ०.०५ सरकवली, कारण डाव्या-उजव्या रीडिंगमधला फरक ०.१० होता आणि तोही निम्माच घ्यायचा. शेवटचं रीडिंग वर शून्य, खाली अधिक ०.०४, म्हणजे ०.०२ चा फरक. आयटीआयच्या वहीत हा निम्म्याचा नियम मी लिहिला होता, बहुतेक परीक्षेतही लिहिला असेल. पण त्या खडूच्या दोन वर्तुळांपर्यंत तो मला कळला नव्हता.

पहाटे चारला घरी फोन करून सांगितलं की झालं. सकाळी पायपिंगवाले आले. त्यांनी पंपाच्या फ्लँजला (बोल्टने पाइप जोडायच्या कड्याला) पाइप जोडायला घेतला, तो जुळेना, तर चेनपुली लावून ओढला आणि बोल्ट घातले. काकांनी मला कपलिंगवर डायल लावून ठेवायला सांगितलं होतं, ते मला तेव्हा उगाचच वाटलं होतं. बोल्ट आवळत गेले तसा काटा माझ्या डोळ्यांसमोर ०.४० सरकला. रात्रभराची मेहनत पाच मिनिटांत गेली. काकांनी बोल्ट उलट सोडायला लावले, तेव्हा पाइपचा फ्लँज जवळजवळ एक सूत बाजूला उडाला. खूप वाद झाला. ठेकेदाराचं म्हणणं होतं की मोटर सरकवा, पाइप कशाला कापता. काका हलले नाहीत. शेवटी पाइप कापून, नीट जुळवून पुन्हा वेल्ड केला, आणि आवळताना काटा ०.०३ च्या वर गेला नाही. हा वाद पुढेही दर साइटवर झाला आणि दरवेळी माझं मत पक्कं होत गेलं. पाइप मशीनपाशी हाताने जुळला पाहिजे. ओढून आणलेला पाइप मशीनला कायम ओढत राहतो.

आमच्याकडे आता लेझर अलाइनमेंटचं मशीनही आहे. दोन्ही शाफ्टवर सेन्सर बांधायचे, मापं भरायची आणि किती शिम कुठे हवी ते स्क्रीनवर येतं. वेळ वाचतो, मीही वापरते. पण नव्याने शिकणाऱ्याने निदान दहा कपलिंग डायलवर करावीत, कागदावर हिशेब मांडून. पाय उचललेला असला किंवा पाइप ओढत असला तरी लेझर आकडा देतोच, आणि तो आकडा कुठून आला ते बघणाऱ्याला कळायला हवं.

अप्रेंटिसशिपचं वर्ष संपल्यावर कंपनीने मला ठेवून घेतलं. पहिलं पूर्ण स्वतःचं काम मिळालं महापे इथल्या एका कारखान्यातलं, गरम तेलाचा पंप. इथे थंड असताना काटा शून्यावर आणणं हीच चूक ठरली असती. लोखंड दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०१२ मिमी वाढतं. पंपाच्या पायापासून शाफ्टपर्यंत २५० मिमी आणि चालताना तापमान ६० अंशांनी वाढणार, म्हणजे शाफ्ट ०.१८ वर येणार. मोटरही २५० च्या फ्रेमची, म्हणजे तिचाही शाफ्ट पायापासून २५० मिमीवर, तीही तापते, पण २० अंशच, म्हणजे ०.०६. फरक ०.१२. म्हणून थंड असताना मोटर ०.१२ वर ठेवायची आणि खालचं रीडिंग उणे ०.२४ येऊ द्यायचं. शीटवर तो आकडा लिहिताना हात जड झाला. आजवर जो आकडा दिसला की शिमा काढायच्या, तोच मी मुद्दाम ठेवत होते. प्लांटच्या इंजिनिअर साहेबांनी शीट बघून विचारलंच, “हे असं का?” मी हिशेब मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला आणि सही केली.

पंप संध्याकाळी सुरू झाला. मी थांबून राहिले. तेल पूर्ण तापायला रात्रीचे दोन वाजले. तासभर तसाच चालू दिला. व्हायब्रेशन मीटरवर १.६ मिमी प्रति सेकंद. त्याच जागेवरचा जुना पंप ६.८ वर चालत होता, असं त्यांच्या नोंदवहीत होतं. मग पंप बंद केला, कुलूप लावलं, कपलिंगचा गार्ड काढला आणि पंपाचं अंग पोळत असतानाच, गार व्हायच्या आत, दादाने दिलेला तोच डायल लावला. वर शून्य केलं, शाफ्ट हळूहळू फिरवला. खाली उणे ०.०३. शीटवर त्या उणे ०.२४ च्या शेजारी तो आकडा लिहिला, पुढे ‘गरम’ असं लिहून वेळ टाकली, तीन चाळीस.