उतावीळ तेरडा आणि कोल्हापुरी पाल

शास्त्रीय नावे म्हणजे परीक्षेपुरती घोकायची आणि निकाल लागला की विसरायची गोष्ट, असे बहुतेकांचे मत असते आणि ती ज्या कोरडेपणाने शिकवली जातात ते पाहता त्यात त्यांचा दोषही नाही. अर्थ लावून वाचू लागले की मात्र या नावांत थट्टा, कौतुक, नाक मुरडणे आणि अधूनमधून निव्वळ गैरसमजही सापडतो.

कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावर श्रावण-भाद्रपदात फुलणाऱ्या तेरड्याचेच पाहा. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून आपण त्याची बोळवण केली. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, आणि दुसरा जातीचा असतो. वनस्पतिशास्त्रात तेरड्याच्या प्रजातीचे नाव ‘इम्पेशन्स’, म्हणजे उतावीळ, असे आहे. या नावाचे कारण फुलात नाही, फळात आहे. तेरड्याचे पिकलेले, फुगीर बोंड चिमटीत धरले की ते तत्क्षणी फुटते, त्याच्या सालीच्या पाच पट्ट्या झटकन आत गुंडाळल्या जातात, बिया चहूकडे उडतात आणि तळहातावर एखादी अळी वळवळल्यासारखे वाटून अनोळखी माणूस हात झटकतो. युरोपातल्या त्याच्या एका भाऊबंदाचे जातिनाम तर ‘नोली-टँगेरे’, म्हणजे ‘मला हात लावू नका’, असेच आहे. ज्याने हे नाव ठेवले त्याने बोंड स्वतः फोडून पाहिले असणार, याबद्दल मला शंका नाही.

जंगली बदामाच्या वाट्याला मात्र दुहेरी अपमान आला. फुलोऱ्याच्या दिवसांत या झाडाखालून जाणारा माणूस आधी गटाराकडे पाहतो, मग स्वतःच्या चपलेचा तळ तपासतो आणि सर्वांत शेवटी मान वर करतो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 साली त्याला ‘स्टर्क्युलिया फीटिडा’ हे नाव दिले. त्यातला पहिला शब्द शेणखताच्या रोमन देवावरून आला आहे, तर दुसऱ्याचा अर्थ ‘दुर्गंधी’ असा आहे. एकाने भागले असते.

याउलट कळलावीच्या ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ या नावातले दोन्ही शब्द स्तुतीचे आहेत. फूल आहेच तसे देखणे. पण तिच्या कंदातले विष लक्षात घेता आपल्या लोकांनी केलेले बारसे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्राण्यांच्या नावांचे नियम थोडे सैल आहेत. प्रजाती आणि जाती यांना एकच शब्द वापरण्याची मुभा प्राणिशास्त्रात आहे, म्हणून नाग ‘नाजा नाजा’ होतो आणि चितळ ‘ॲक्सिस ॲक्सिस’. वनस्पतिशास्त्रात अशी पुनरुक्ती चालत नाही. अर्नोल्ड मेंके या कीटकशास्त्रज्ञाने 1977 साली ऑस्ट्रेलियातल्या एका गांधीलमाशीचे नाव चक्क ‘अहा हा’ ठेवले आणि तेच पुढे स्वतःच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही मिरवले. असले विनोद पहिल्यांदा ऐकताना हसू येते, दुसऱ्यांदा येत नाही, कारण त्यांत त्या जिवाविषयी काहीच नसते. तेरड्याचे नाव मात्र दर पावसाळ्यात नव्याने पटते.

गंमत अशी, की नाव नियमानुसार प्रसिद्ध झाले की केवळ अर्थ चुकीचा आहे म्हणून ते बदलता येत नाही. न्यू गिनीहून युरोपात पोहोचलेल्या ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’, म्हणजे स्वर्गीय पक्ष्यांच्या कातड्यांचे पाय व्यापारापूर्वीच काढलेले असत, त्यामुळे हे पक्षी कधी जमिनीवर उतरतच नाहीत अशी समजूत तिकडे पसरली. लिनिअसने 1758 साली त्यांच्यातल्या एकाचे नाव ‘पॅराडिसिया अपोडा’, म्हणजे बिनपायांचा, असे नोंदवले. त्या पक्ष्याला दोन धडधाकट पाय आहेत हे आज सर्वांना ठाऊक आहे, तरी नाव कायम आहे.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यालाही या यादीत जागा मिळाली आहे. विशाळगडावर सापडलेल्या कंदीलपुष्पाला 2023 साली शिवरायांच्या स्मरणार्थ ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ हे नाव देण्यात आले. ते उच्चारताना इथल्या माणसाचा आवाज आपसूक चढतो. त्याआधी, 2009 साली, दाजीपूरच्या जंगलातल्या एका छोट्या पालीचे बारसे ‘नेमास्पिस कोल्हापूरेन्सिस’ असे झाले होते. चप्पल, साज आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापाठोपाठ पालही कोल्हापुरी झाली, आणि वरचाच नियम लागू असल्याने ती घाटाखाली किंवा कर्नाटकात कितीही सापडली तरी कोल्हापुरीच राहणार.