नवा रेग्युलेटर, जुना कनेक्टर: पंचवीस वर्षांच्या गाडीवर १६४० किलोमीटर

चार दिवस, १६४० किमी, दोन मोटारसायकली. एक माझी: १९९९ सालची, चार सिलिंडरची, आठशे सीसीच्या आसपासची स्पोर्ट टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासाला आणि वळणांनाही चालणारी. दुसरी मित्राची, गेल्या वर्षीच शोरूममधून आलेली. रस्त्यात एकदाच अडकलो, तेही माझ्या गाडीमुळे, आणि चूक गाडीची नव्हती, माझी होती. ती पुढे येईलच. आधी तयारीबद्दल, कारण जुन्या गाडीची अर्धी ट्रिप घरीच होते.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा मीटरवर ६१ हजार किमी होते आणि सहा वर्षं ती कव्हरखाली उभी होती. चालवून झिजलेली गाडी परवडली, उभी राहिलेली नको, असं मी आता विचारेल त्याला सांगतो. चालत्या गाडीची झीज दिसते तरी. उभ्या गाडीत रबर कडक होतं, ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी पीत बसतं, ग्रीस वाळून मेणासारखं होतं, आणि बाहेरून गाडी चकाचक. टायरची नक्षी जवळपास नवी होती. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे होते, २२१३. म्हणजे २०१३ सालचा बाविसावा आठवडा. रबरात नख रोवून पाहिलं तर नखच वाकलं. नक्षी कितीही छान असो, असे टायर काढायचे.

ब्रेक फ्लुइडचं झाकण उघडलं तर आत काळपट तपकिरी रंग. डॉट ४ फ्लुइड नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या फ्लुइडसाठी तीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. लांब उतारावर कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) तापलं की आत वाफ धरते, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे लिव्हर थेट हँडलला टेकतो. दर दोन वर्षांनी बदला, गाडी फिरो न फिरो. त्याच खोलाखोलीत रबरी होज काढून स्टीलच्या जाळीचे घातले. डिस्क त्याच, कॅलिपर तेच, पण लिव्हर दाबला की पूर्वी जो स्पंज दाबल्यासारखा भास व्हायचा तो गेला.

सस्पेन्शनवर मात्र मी महिना घालवला, आणि तो वाया गेला नाही. फोर्कमधून (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या नळ्यांमधून) निघालेलं ऑइल राखाडी होतं आणि त्याला कुजक्या मासळीचा वास येत होता. ते बदलणं सोपं. खरं दुखणं मागे, शॉकच्या खालच्या लिंकेजमध्ये, म्हणजे शॉकला मागच्या चाकाशी जोडणाऱ्या सांध्यांमध्ये. तिथे छोटे नीडल बेअरिंग असतात आणि ते सहसा कोणी उघडत नाही, कारण सायलेन्सरपासून सगळं सोडवावं लागतं. बोल्ट निघेचना. भेदक तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी जाडसर पितळी काडीने ठोकत ठोकत बाहेर काढला, तर बोल्टासोबत विटकरी भुकटी पडली आणि तिच्यात दोन सुया. बेअरिंगच्या सुया! म्हणजे इतके दिवस मागचं चाक खड्ड्यात गेलं की शॉक काम करायच्या आधी गंज घासला जात होता. नवे बेअरिंग, नवी सील, भरपूर ग्रीस. त्यानंतर गाडी ढकलून गॅरेजबाहेर काढतानाच मागची सीट हाताने दाबून पाहिली. ती खाली गेली आणि एका दमात, न उसळता वर आली. नवा महागडा शॉक घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे उघडा. माझा शॉक अजून जुनाच आहे.

सॅग, म्हणजे आपल्या वजनाने सस्पेन्शन किती बसतं ते, मोजायला फार काही लागत नाही. फोर्कच्या नळीला एक झिप टाय बांधायचा, पूर्ण कपडे घालून गाडीवर बसायचं, कोणीतरी गाडी सरळ धरायची, मग हलकेच उतरायचं आणि टाय किती सरकला ते पाहायचं. पुढे साधारण १२० मिमी प्रवास असलेल्या फोर्कला ३० ते ४० मिमी ठीक. माझा ५२ होता. थकलेल्या स्प्रिंग बदलल्यावर ३६ झाला.

एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट घट्ट निघाली, शिम (फट ठरवणारी पातळ चकती) बदलून बरोबर केली. टाकीखालचे पेट्रोलचे पाइप चिरले होते तेही बदलले. यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त करायचं असतं.

आता अपग्रेड. हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर सायलेन्सर येतो. मला सायलेन्सरमध्ये रस नाही. दिवसाला आठ तास कानाशी ओरडणारी गाडी टूरिंगसाठी कशी चालेल? मी चार गोष्टी केल्या: हँडल २५ मिमी वर उचललं, उंच काच बसवली, एक छोटा व्होल्टमीटर लावला आणि जुना रेग्युलेटर (इंजिनातून येणारी वीज बॅटरीला झेपेल एवढी ठेवणारा डबा) काढून मॉसफेटचा, म्हणजे कमी तापणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा घातला. हँडल उचललंत तर ते दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहा. क्लचची केबल किंवा ब्रेकचा होज ताणला जात असेल तर तो वळणातच ताणला जाईल, गॅरेजात नाही. हेडलाइटमध्ये हॅलोजनच्या जागी एलईडी बल्बही लावून पाहिला होता. परावर्तक त्यासाठी बनलेला नसल्याने उजेड भिंतीवर सांडल्यासारखा पसरत होता, समोरच्याच्या डोळ्यांत जाईल असा. दुसऱ्या दिवशी काढला.

पहिला दिवस सपाट मोठा रस्ता, ४६० किमी. स्पोर्ट टूरर हा प्रकार कशासाठी जन्माला आला ते अशा रस्त्यावर कळतं. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने आर१००आरएस आणली, पवनबोगद्यात घडवलेलं पूर्ण फेअरिंग (वारा अडवणारं आवरण) घेऊन, तेव्हापासूनचा हिशेब हाच आहे: दुपारी हात आणि मान शाबूत राहिली पाहिजे आणि संध्याकाळी वळणं आली की गाडी आडवीही पडली पाहिजे. पुढे यामाहाची एफजे११००, होंडाची व्हीएफआर७५०, मग १९९० ची एसटी११००, प्रत्येकीने त्या दोन टोकांमध्ये आपापली जागा धरली. माझी गाडी वळणांकडे जरा जास्त झुकलेली. सहाव्या गिअरमध्ये पाच हजार आरपीएमला इंजिन तक्रार न करता गुणगुणत राहतं.

उंच काचेने मात्र फसवलं. छातीवरचा वारा गेला, पण काचेच्या काठावरून सुटलेली हवा बरोबर हेल्मेटवर आदळू लागली. डोकं पिसासारखं थरथरत होतं. शंभर किमीनंतर मित्राने थांबवून विचारलं, "अरे, मान का हलवतोयस सारखी?" मी हलवत नव्हतो. काच ३ सेंटिमीटर खाली सरकवली, आवाज लगेच निम्मा. छातीला थोडा वारा लागतो तो लागू द्यावा. स्वच्छ वाऱ्याचा त्रास घोटाळणाऱ्या वाऱ्यापेक्षा कमीच असतो. आणि कानात इअरप्लग. हे मला दहा वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी घाट. सकाळीच मागचं प्रीलोड (शॉकच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) दोन खाचा वाढवलं, कारण दोन्ही बाजूंच्या बॅगा आणि वरची पेटी मिळून सामान सतरा किलो झालं होतं. हे केलं नाही तर मागून गाडी बसते, पुढचं चाक हलकं होतं, वळणात गाडी रेषा सोडून बाहेर जाऊ पाहते आणि रात्री हेडलाइट झाडांचे शेंडे दाखवतो. वरची पेटी शक्यतो रिकामी, जड सामान बॅगांमध्ये खाली. घाटातले दोन तास या ट्रिपमधले सर्वांत चांगले. मित्राच्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल, कॉर्नरिंग एबीएस, क्विकशिफ्टर अशी सगळी इलेक्ट्रॉनिक मदत आहे. माझ्याकडे उजवा हात. तरीही वळणांच्या मालिकेत तो पुढे गेला नाही. अर्थात तो सभ्य आहे, हेही खरं.

घाटमाथ्यावर व्होल्टमीटरकडे लक्ष गेलं. सकाळी १४.२ दाखवत होता, आता १३.१. थोड्या वेळाने १२.८, मग १२.४. चालत्या इंजिनला १३.८ ते १४.५ हवेत, १२.४ म्हणजे गाडी बॅटरीच्या पोटावर चालली आहे. इंजेक्शनच्या गाडीत हे फार वेळ चालत नाही, व्होल्टेज पडलं की पेट्रोल पंप आणि इसीयू (इंजिनाचा संगणक) मान टाकतात. हँडल गरम करणारे ग्रिप बंद केले, रस्त्याच्या कडेला रुंद जागा बघून थांबलो.

सीट काढली आणि वास आला. जळक्या प्लास्टिकचा. स्टेटरकडून (इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या गुंडाळ्यांकडून) रेग्युलेटरकडे तीन पिवळ्या तारा जातात, त्यांच्या मधल्या पांढऱ्या कनेक्टरचा एक कोपरा वितळून तपकिरी झाला होता. आतली एक पिन प्लास्टिकमध्ये अशी रुतली होती की कनेक्टर सुटेना. मी रेग्युलेटर नवा घातला आणि त्याच्या दारातला पंचवीस वर्षांचा कनेक्टर तसाच ठेवला. पिना काळ्या पडलेल्या तेव्हाही दिसल्या होत्या. क्लीनर मारला, पुसला आणि परत खोचला.

माझा गैरसमज असा होता की मॉसफेटचा रेग्युलेटर थंड चालतो, म्हणजे मामला मिटला. रेग्युलेटर थंड राहतो हे खरं. पण हा शंट प्रकारचा आहे, म्हणजे नको असलेली वीज तो स्टेटरमध्येच शॉर्ट करून जिरवतो. त्यामुळे दिवे लावा की बंद करा, त्या तीन तारांमधून जवळजवळ पूर्ण करंट सतत वाहतोच. काळ्या पडलेल्या पिनेला अडथळा, अडथळ्याला उष्णता, उष्णतेने पिन आणखी काळी. सिरीज प्रकारचा रेग्युलेटर गरज नसताना फेज, म्हणजे स्टेटरकडून येणारा प्रवाह, तोडतो, म्हणून तारांवरचा ताण उतरतो. पुढचा तोच घेणार. तोवर एवढं करा: रेग्युलेटर बदलला की कनेक्टरही कापून टाका, सोबतच.

दुरुस्ती वीस मिनिटांची. कनेक्टर कापला, तारांची टोकं सोलली. काळवंडलेलं तांबं मागे मागे कापत गेलो, उजळ लालसर तार लागेपर्यंत. तीन बट कनेक्टर (तारांची दोन टोकं जोडणाऱ्या छोट्या नळ्या) पकडीने घट्ट दाबून जोडले आणि प्रत्येकावर वेगळी टेप. मित्र तारा हातात धरून म्हणाला, "तिन्ही पिवळ्या आहेत रे, कुठली कुठे?" इथे दिलासा असा की या तीन तारांना क्रम नसतो. एसीचे तीन फेज आहेत, कुठलीही कुठेही जोडा. गडबड करायची नाही ती रेग्युलेटरच्या दुसऱ्या बाजूला, डीसीच्या लाल-हिरव्या तारांशी. इंजिन चालू केलं, पाच हजार आरपीएमला १४.३. दोघंही मीटरकडे बघत उगीचच थोडा वेळ उभे राहिलो.

म्हणून सोबत काय घ्यावं ते इथेच सांगतो. मल्टिमीटर, छोटासा चालेल. चांगली पकड, कारण रस्त्यात क्रिम्पिंगचं वेगळं हत्यार कोणाजवळ असतं. अर्धा मीटर जाड तार, बट कनेक्टर, फ्यूज, टेप, झिप टाय, टायर प्लगचं किट आणि पंप. फेअरिंगचे दोन-चार जादा स्क्रूही घ्या. आणि निघण्याआधी प्रत्येक हत्यार गाडीला एकदा लावून बघा. गाडीसोबत आलेल्या पान्यांपैकी निम्मे माझ्या मागच्या अ‍ॅक्सलला बसत नाहीत.

तिसरा दिवस पावसाचा. एबीएस नसलेली गाडी पावसात घाबरवते असं म्हणतात. मला वाटतं ती फक्त सवयी सुधारते. ब्रेक आधी, हळू, मग वाढवत. नवे टायर आणि ताजं फ्लुइड यांचे पैसे त्या दिवशी वसूल झाले. दुपारी आम्ही गाड्या बदलल्या. त्याच्या गाडीवर मला सगळं सहज वाटलं आणि चाळीस किमीनंतर मी काय केलं ते आठवेना. तो माझी घेऊन परत आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "उजव्या गुडघ्याला चटका बसतो की!" खरं आहे. रेडिएटरची गरम हवा तिथेच येते, जाडी पँट घाला. दुसरं काही न बोलता त्याने पुढच्या थांब्यापर्यंत चावी परत दिली नाही.

चौथ्या दिवशी परत, ५१० किमी, थेट. चेन सकाळी तपासली तर ढिलाई ४० मिमीवर गेली होती. ३० वर आणली. चेन सगळीकडे सारखी ढिली नसते, म्हणून चाक फिरवून सर्वांत ताठ जागेवर मोजायची. माझ्या चेनमध्ये ताठ आणि सैल जागेतला फरक ११ मिमी निघाला, म्हणजे तिचे दिवस भरले. पावसानंतर लगेच तेल दिलं असतं तर थोडी जास्त टिकली असती. संध्याकाळी डाव्या बाजूचं फेअरिंग थरथरायला लागलं. खालचा रबरी नट बोल्टासकट कुठेतरी पडून गेला होता. झिप टाय.

पेट्रोल चारही दिवस मिळून लिटरला १७.६ किमी पडलं. टाकी २१ लिटरची, तरी मी ३०० किमीला भरत गेलो.

घरी आल्यावर स्टेटर तपासला. तारांच्या प्रत्येक जोडीमध्ये रोध सारखा, एकाही तारेचा बॉडीशी संपर्क नाही, पाच हजारला तिन्ही जोड्यांवर एसी व्होल्टेज सारखं. म्हणजे स्टेटर वाचला. रस्त्यातले बट कनेक्टर काढून तारा सोल्डर केल्या, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवलं. हँडल मध्यावर आलं की आता बारीकशी खाच लागते, स्टिअरिंगचे बेअरिंग बदलायला आलेत. चेन, स्प्रॉकेट आणि ते, एवढं पुढच्या महिन्यात. मित्र काल विचारत होता की अशी एखादी गाडी कुठे विकायला आहे का. कव्हरखाली उभी असलेली घेऊ नकोस, एवढंच सांगितलं.