डाग खाली, गळती वर

शहाबादी फरशीवर ऑइलचा डाग दिसला की घरचे विचारतात, "ही विकणार कधी?" आणि मिस्त्री विचारतो, "मेन सील बदलूया काय ओ?" दोन्ही प्रश्न घाईचे. जुनी स्पोर्ट्स कार गळते हे खरं, पण जिथं टपकते तिथूनच गळते असं फार क्वचित होतं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून सुटलेला ओघळ ब्लॉकच्या पाठीवरून उतरतो, बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) कडेला गोळा होतो आणि तिथून खाली पडतो. गाडी पळत असताना वारा त्याला आणखी मागं सारतो. त्यामुळं सगळा आळ सगळ्यात खालच्या आणि मागच्या सीलवर, म्हणजे ज्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो त्या रिअर मेन सीलवर, क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाच्या सीलवर.

आधी गळतंय ते इंजिन ऑइलच आहे का, एवढं तरी बघावं. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा, पुढच्या चाकांची जागा त्यावर पेन्सिलीनं खुणावायची. सकाळी डागाला बोट लावा. तपकिरी-काळं, निसरडं ते इंजिनचं. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल. लालसर असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचं, हिरवट आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, चहा प्या आणि विषय सोडा.

मग हिशेब. वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दर दहा मिनिटांना एक थेंब धरला तर दिवसाला १४४ थेंब, म्हणजे सहा-सात मिली, महिन्याला दोनशे मिलीच्या आसपास. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत साधारण १ लिटर ऑइल मावतं. म्हणजे वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर यायला पाचेक महिने. डाग दिसतो मोठा, कारण फरशी तो पसरवून दाखवते.

जांबोटीवरून चोर्ला घाटाकडं जाणाऱ्या गाडीच्या पोटाला खानापूरची तांबडी माती बसलेली असते, आणि ती फार कामाची. जिथं नुसती सुकी धूळ आहे, तिथं ऑइल पोचलेलंच नाही. जिथं माती काळी होऊन खरवडण्याइतकी जाड झाली आहे, तिथून ओघळ गेलाय. त्या काळ्या थराची सगळ्यात वरची कड शोधा आणि धुण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. एकदा धुतलं की हा पुरावा गेला.

धुवायचं मात्र हवंच. इंजिन गार असताना, अल्टरनेटर आणि कॉइलवर प्लास्टिक बांधून, डिग्रीजर आणि जुना टूथब्रश घेऊन. आपल्याकडं डिझेलनं धुतात, पण वरून साबणाचं पाणी फिरवलं नाही तर तेच डिझेल दोन दिवस ठिबकत राहतं आणि नवीन गळती म्हणून हिंडवतं. कोरडं झालं की पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवायची आणि बघायचं: सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा कुठली? तरीही उमगलं नाही तर ऑइलमध्ये यूव्ही डाय (अतिनील उजेडात चमकणारा रंग), बाटलीवर लिहिलंय तेवढाच. तासभर गाडी फिरवून अंधाऱ्या शेडमध्ये यूव्ही टॉर्च मारला की ओघळ पिवळा-हिरवा चमकतो. डाय नसेल तर टाल्कम पावडर. कोरड्या भागावर भुरभुरवली की ओली रेघ आपोआप उमटते.

पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५, १९८९ ते १९९७ ची, या विषयाची पाठशाळाच म्हणायची. इंजिनाच्या हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) खेटून, कॅम अँगल सेन्सर बसतो. त्याची रबरी ओ-रिंग उष्णतेनं बांगडीसारखी कडक होते आणि ऑइल ब्लॉकच्या मागून थेट बेल हाउसिंगवर उतरतं. दिसायला हुबेहूब रिअर मेन सील. काही रुपयांच्या ओ-रिंगपायी गिअरबॉक्स उतरवलेल्या गाड्या जगभर असतील. सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या कानावर आणि हेडवर मिळून एक रेघ ओढून घ्यायची, कारण सेन्सर जरा फिरला तरी इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बदलतं. नंतर टायमिंग लाइटनं तपासून १० अंशांवर आणायचं.

आता जे बहुतेकजण विसरतात ते. इंजिनला श्वास घेता येतो का? पिस्टन रिंगांवरून खाली उतरणारा गॅस पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, म्हणजे आतला दाब सोडणाऱ्या झडपेतून, बाहेर जातो. व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरची नळी काजळीनं तुंबली की आत दाब वाढतो आणि तो सगळ्यात दुबळ्या जागेतून ऑइल बाहेर ढकलतो. घाट चढताना तर जास्तच. इंजिन आयडलला असताना ऑइल भरायच्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. हलकी आत ओढली गेली तर ठीक. फुगली तर आधी ब्रीदर साफ करा. तुंबलेल्या इंजिनला नवीन सील लावणं म्हणजे महिन्याभरानं तेच काम पुन्हा.

"जरा आवळून दे की!" हा सल्ला सगळ्यात महागात पडतो. टॅपेट कव्हरच्या बोल्टना ५ ते ९ न्यूटन-मीटर इतकाच पीळ लागतो, म्हणजे छोटा पाना आणि मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. इंजिनाच्या तळाचा पत्र्याचा ऑइल चेंबर आवळत राहिलं की प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर उचलतो, कॉर्कची पॅकिंग तिथं चिरडते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते. चेंबर काढल्यावर कडेला स्टीलपट्टी उभी धरून उजेडाकडं बघा, फट लगेच दिसते. सपाट लोखंडावर ठेवून, गोल तोंडाच्या हातोडीनं हलके ठोके देत त्या भोकांची कड बसवली, तर साधी पॅकिंगही वर्षानुवर्षं टिकते. ड्रेन बोल्टचं तांब्याचं वॉशर कडक झालं असेल तर गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाका. मऊ होतं, परत वापरता येतं.

सीलच्या बाबतीत बेळगावकर नशीबवान. फाउंड्री, लेथ आणि हायड्रॉलिकचे कारखाने असलेल्या या गावात ओ-रिंग आणि ऑइल सील गाडीच्या नावानं नाही, मापानं मागता येतात. सीलवर ३५×५०×८ असं काही छापलेलं असतं: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ओ-रिंगचा आतला व्यास आणि जाडी व्हर्नियरनं मोजून न्या, आणि गरम जागेसाठी साध्या नायट्राइल रबराऐवजी उष्णता सोसणारं व्हिटन रबर मागा. सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडं, ओठाला बोटानं ऑइल, आणि सरळ आत जाण्यासाठी त्याच व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा. शाफ्टवर नखाला अडकेल इतकी खाच पडली असेल तर नवीन सीलही गळणार. ते एक-दीड मिलिमीटर पुढं-मागं बसवावं, नाहीतर उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून घ्यावी.

सिलिकॉन सीलंटचा हात आवरता ठेवा. थिनरनं पुसलेल्या कोरड्या पृष्ठभागावर दोन-तीन मिलिमीटरची एकसंध रेघ पुरे. जास्तीचं आत पिळलं जातं, तुटतं आणि चेंबरमधल्या गाळणीत अडकतं. हे सीलंट हवेतल्या दमटपणानं सुकतं, त्यामुळं आपला पावसाळा इथं कधी नव्हे तो उपयोगी. तरीही २४ तास थांबून मगच ऑइल भरावं.

जुन्या एमजी मिजेटच्या ए-सिरीज इंजिनाला मात्र मागं रबरी सीलच नाही. क्रँकवर उलट्या फिरकीचे आटे आहेत, ते फिरताना ऑइल आत ओढतात. इंजिन थांबलं की थोडं पाझरणारच. खाली ट्रे ठेवावा. पण कुठल्याही गाडीचा थेंब एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून धूर येत असेल किंवा क्लच घसरत असेल, तर ते काम पुढच्या रविवारवर ढकलू नये.